शब्दचर्चा : ‘टक्के’ की ‘टक्केबिंदू’?

प्रश्न : ‘ग्रामीण आदिवासींमधली गरिबी सतरा टक्क्यांनी घटली’ असं एका लेखात आहे, दुसऱ्यात ‘सत्तावीस टक्क्यांनी’. आकडे एकाच अहवालातले. चूक कोणाची?

उत्तर : गणित दोघांचंही बरोबर आहे, घोळ ‘टक्क्यांनी’ या शब्दाचा आहे. तेंडुलकर समितीच्या (गरिबी कशी मोजायची हे सुचवणारी सरकारी समिती) पद्धतीनुसार २००४-०५ मध्ये ग्रामीण भागातल्या अनुसूचित जमातींत गरिबांचं प्रमाण ६२.३ टक्के होतं, २०११-१२ मध्ये ४५.३. सरळ वजाबाकी केली की १७. पण मूळच्या ६२.३ च्या तुलनेत ही घट साधारण २७ टक्के भरते. पहिल्याला ‘टक्केबिंदू’ म्हणावं, म्हणजे ‘टक्के’ हा शब्द दुसऱ्यासाठी मोकळा राहतो. व्याजदर ‘पाव टक्क्याने’ उतरला असं आपण सर्रास म्हणतो. तिथे वजाबाकीच अभिप्रेत असते आणि कोणाचा गोंधळही होत नाही. गरिबीच्या बाबतीत मात्र होतो, कारण आकडे मोठे असतात.

आणि त्याने निष्कर्षच फिरतो, म्हणून हा काथ्याकूट. त्याच काळात एकूण ग्रामीण गरिबी ४१.८ वरून २५.७ वर आली. म्हणजे १६.१ टक्केबिंदू. नुसती वजाबाकी पाहिली तर आदिवासी थोडे पुढेच गेले! प्रमाणात पाहा : एकूण घट सुमारे ३८ टक्के, आदिवासींची २७. म्हणजे ते मागे पडले. अनुसूचित जातींत ५३.५ वरून ३१.५, तिथे दोन्ही मापांनी घट सरासरीहून जास्त. माझ्या मते समाजगटांची तुलना करताना सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे छापायलाच हवेत. ‘इतक्या टक्क्यांनी घट’ एवढंच लिहिणं म्हणजे वाचकाला अंधारात ठेवणं.

आणखी एक प्रश्न : मग ‘४५ टक्के गरीब आदिवासी आहेत’ हे वाक्य चालेल?

उत्तर : अजिबात नाही. त्याचा अर्थ गरिबांपैकी ४५ टक्के लोक आदिवासी, असा होतो, आणि ते खोटं आहे. ‘४५ टक्के आदिवासी गरीब आहेत’ असं हवं. त्याहून नेमकं म्हणजे ‘ग्रामीण भागात दर शंभर आदिवासींपैकी ४५ जण दारिद्र्यरेषेखाली’. ‘पैकी’ आला की कोणाचे शंभर हे सांगावंच लागतं. शिवाय इथे ‘ग्रामीण’ गाळू नका. शहरी अनुसूचित जमातींचा त्याच वर्षाचा आकडा २४.१ आहे.