बाथरूमचं काम काढायचंय, चांगला कंत्राटदार सुचवा

बी-४०२ : नमस्कार मंडळी. बाथरूम, संडास आणि किचनचा ओटा असं काम काढतोय आम्ही. तीस वर्षांचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप पार सडलेत, सकाळी नळाला पहिलं पाणी तांबडं येतं. तिघांकडून कोटेशन घेतलं. २ लाख ८०, ४ लाख १० आणि ४ लाख ३५ हजार. कोणाला द्यावं कळेना. दिवाळीच्या आधी उरकायचंय.

ए-१०४ : २.८० वाल्याला द्या की! टाइल्स आपण आणायच्या, अजून वाचतील.

सी-३०१ : ताई, घाई करू नका. आम्ही २०२२ मध्ये असंच सगळ्यात स्वस्तवाल्याला दिलं होतं. चिठोऱ्यावर 'बाथरूम कम्प्लीट' एवढंच लिहिलेलं, आणि निम्मे पैसे पहिल्याच दिवशी मोजले. दोन दिवसांत सगळं फोडून ठेवलं, मग माणूस आठ-आठ दिवस फिरकेना. फोन केला की 'साहेब, उद्या नक्की'. शेवटी घाईघाईत टाइल्स बसवल्या. चौथ्या महिन्यात खाली २०१ च्या आजींच्या देवघरावर ओल उतरली. त्यांनी देव उचलून हॉलमधल्या टीपॉयवर मांडले होते. ते बघून मान वर करता येईना. सगळं परत फोडावं लागलं.

बी-४०२ : बाप रे. मग पारखायचं कसं दादा? फोटो तर तिघांनीही छानच दाखवले.

सी-३०१ : फोटोत नवीन टाइल्स कोणाच्याही चकचकीत दिसतात. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या कामांचे पत्ते मागा आणि त्या घराच्या *खालच्या* फ्लॅटची बेल वाजवा. खरं काय ते तिथलं छत सांगतं. दुसऱ्या खेपेला आम्ही तीन ठिकाणी गेलो. एका काकूंनी दिवा लावून संडासाचं छत दाखवलं, अगदी कोरडं, रंगाचा पोपडासुद्धा नाही. तिथेच ठरवलं. जो पत्ते द्यायला कां-कू करेल, त्याला सोडून द्या.

डी-२०३ : मी याच लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो. तिघांकडूनही आयटमवार कोटेशन मागा. तोडफोड, डेब्रिज उचलणं, प्लंबिंग पॉइंट, वॉटरप्रूफिंग, टाइल्स स्क्वेअर फुटावर, सगळं वेगळं. मालाची कंपनी आणि ग्रेड लिहून घ्या. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० (भारतीय मानक क्रमांक) चा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवुड घ्या. तिथे साधा एमआर ग्रेडचा, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा घातला की तो पाण्याने फुगतो. मग कळेल २.८० मध्ये काय काय धरलेलंच नाही. जीएसटी धरून की वेगळा, तेही विचारा.

ए-१०४ : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं 🙏

सेक्रेटरी : काम सुरू करण्याआधी सोसायटीकडे अर्ज द्या. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद, गोण्या जिन्यात ठेवायच्या नाहीत.

बी-४०२ : हो, आजच देते. आणि पैसे कसे द्यायचे? तिघेही ५० टक्के आधी मागताहेत.

सी-३०१ : अजिबात नको. पैसा कामाच्या पुढे धावता कामा नये. आम्ही दुसऱ्याला सुरुवातीला १० टक्के दिले, पुढचे टप्प्याटप्प्याने. मोठा हप्ता पाण्याची टेस्ट झाल्यावर, आणि शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिन्याने. हे सगळं आधीच लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. चांगल्या माणसाने त्याला एका शब्दाने हरकत घेतली नाही.

डी-२०३ : टेस्टचं नीट करा. पाइप भिंतीत बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून कुठे गळतंय का ते बघायचं. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) तोंडाला बोळा कोंबून पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारायची आणि ४८ तास थांबायचं. त्याआधी एकही टाइल बसू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणो 'काही होत नाही'. थोडं पाणी वाफेने कमी होतं, पण रेघेच्या बरंच खाली गेलं किंवा खालच्या छताला ओल आली तर परत कोटिंग.

बी-४०२ : मग दिवाळीचं गणित चुकेल बहुतेक. चुकू दे. उद्याच पत्ते मागते तिघांकडे. ३०२ च्या वहिनी, तुमच्याच डोक्यावर पाणी भरणार आहोत, आधी कळवीन.

बी-३०२ : अगं कळव नक्की, मी घरीच असते. रात्री झोपतानाही टॉर्च मारून बघेन. टेस्टच्या दिवशी माळ्यावरच्या गोधड्या तेवढ्या काढून ठेवते.