धमकी नव्हे, इशारा
'बायका नुसत्या धमक्या देतात, पुरुष खरंच करतात' हे आत्महत्येबद्दलचं वाक्य वाचलं, ते खटकलं. आत्महत्येने मरणाऱ्यांत पुरुष जास्त, हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांनुसार लाखामागे पुरुष १२.६, स्त्रिया ५.४. पण प्रयत्न स्त्रियांकडून जास्त होतात, आणि आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा फार मोठा इशारा असतो. तो धमकी म्हणून झटकला की मदतीची वेळच हातची जाते. पुरुषांचं दुःख बऱ्याचदा चिडचिड, दारू, अबोला अशा रूपांत दिसतं, डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. (आणि आपण वाट बघतो ते रडण्याची!) शंका आली तर आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारावं, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.