टेस्ट रद्द झालेली नाही

'लायसन्ससाठी आता आरटीओत टेस्ट द्यावी लागत नाही, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट पुरतं,' असं सांगितलं जातं. हे अर्धवट आहे, आणि याच अर्धवट माहितीवर लोकांचे पैसे जातात.

सूट आहे ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून पास होणाऱ्यांना. नियम 1 जुलै 2021 पासूनचा आहे. जून 2024 मध्ये तो 'नवा' म्हणून फिरला, तेव्हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काहीही बदललेलं नाही असा खुलासा केला होता. अशा केंद्राला कारसाठी किमान एक एकर जागा, सिम्युलेटर (गाडी चालवण्याचा सराव देणारं यंत्र) आणि टेस्ट ट्रॅक लागतो. चार आठवड्यांत 29 तासांचं प्रशिक्षण, त्यातले 21 तास प्रत्यक्ष गाडीवर. शेवटी त्यांच्याच ट्रॅकवर परीक्षा असतेच. पास झालात की फॉर्म 5ब हे प्रमाणपत्र मिळतं, आणि लायसन्स तरीही आरटीओच देतं.

गल्लीतल्या क्लासचा फॉर्म 5 वेगळा. त्यावर सूट नाही. पैसे भरण्याआधी 'तुम्ही 5 देता की 5ब?' एवढं स्पष्ट विचारा आणि मान्यतापत्र बघायला मागा.

बाकी लर्निंगनंतर 30 दिवस थांबणं आणि सहा महिन्यांच्या आत पक्कं काढणं तसंच आहे. लर्निंगवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन्सवाला हवाच. एल बोर्ड लावून एकट्याने कार नेणारी मुलं रोज दिसतात, पालकांनी तरी चावी देऊ नये.