नाशिकरोड स्टेशन गावापासून इतकं लांब का? विरोध, घाट की कंपनीचा हिशोब

गोदाकाठ (धागा सुरू केला)
तीर्थक्षेत्री आगगाडी नको म्हणून नाशिककरांनी विरोध केला आणि स्टेशन नऊ किलोमीटर लांब गेलं, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगतात. मला ते पटत नाही. अशा विरोधाचा एकही कागद मला सापडलेला नाही. ही लाइन नाशिकसाठी टाकलेलीच नव्हती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीला खानदेशचा कापूस मुंबईला आणायचा होता आणि पुढे जबलपूर गाठायचं होतं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यासमोरचा मोठा प्रश्न होता थळ घाट, म्हणजे कसारा घाट. तिथे चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. घाट चढून इगतपुरी आली की लाइन घोटी, अस्वली, लहवीत, देवळाली करत मनमाडच्या रोखाने निघते. आपलं गाव त्या रेषेच्या वायव्येला राहतं, एवढंच.

जुनी तांबट आळी
कागद सापडत नाही म्हणून विरोध झालाच नाही, असं कसं म्हणता? पंचवटीतल्या घराघरांत ही गोष्ट टिकून आहे. इतक्या लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट मुळाशिवाय उगवत नाही.

विहितगाव
तांबट आळी, स्टेशनच्या नावातला ‘रोड’ बघा. अबू रोड, वसई रोड ही त्याच रिवाजाची नावं. गावाला जाणारी सडक जिथून फुटते ते स्टेशन ‘रोड’. तिथेही सगळीकडे विरोध झाला होता, असं कुणी सांगत नाही.

तारखांचा क्रमही बघण्यासारखा आहे. घाटाच्या वरचा इगतपुरी ते नाशिकरोड टप्पा 1861 मध्ये सुरू झाला. कसारा ते इगतपुरी घाट मात्र 1 जानेवारी 1865 ला खुला झाला. मधली चार वर्षं रूळ वर होते, खाली होते आणि मध्ये घाट तुटलेला होता. वरच्या टप्प्यासाठी रूळ, सामान सगळं सडकेने चढवावं लागत होतं. असा खर्च सोसणारी कंपनी एका गावासाठी मेन लाइन वळवेल का? वळण घेतलं की रुळाची लांबी वाढते, आणि गाव गोदेच्या दोन्ही काठांवर पसरलेलं, म्हणजे नदी गावातच ओलांडायची. आत्ताची लाइन वालदेवी देवळाली आणि नाशिकरोडच्या मध्ये ओलांडते, गोदावरी त्यापुढे ओढा स्टेशनकडे जाताना. दोन्ही पूल गावाबाहेर.

शालिमार
मेन लाइनचं पटलं. पण वळण नको होतं, फाटा (मेन लाइनवरून गावापर्यंत वेगळी शाखा) चालला असता. नऊ किलोमीटरचा फाटा टाकायला घाटही नव्हता आणि मोठी नदीही नव्हती. तो का नाही टाकला? माझं म्हणणं, गावाने रेल्वे नाकारली नाही, कंपनीने गावाकडे पाहिलं नाही.

याचा पुरावा ट्राम. 1889 च्या सुमाराला मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून स्टेशनपर्यंत ट्राम धावू लागली. सुरुवातीला डबे चार घोडे ओढायचे. रूळ अरुंद, त्यामुळे मेन लाइनचा डबा तिच्यावर चढूच शकत नव्हता. स्टेशनवर उतरलेला माल पुन्हा भरायचा, गावात पुन्हा उतरवायचा. दुहेरी हमालीवर मालवाहतूक टिकत नाही, आणि नुसत्या उतारूंवर ट्राम टिकली नाही. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. ब्रॉडगेजचा, म्हणजे मेन लाइनच्याच रुंदीचा फाटा असता तर तो आजही चालू असता.

गोदाकाठ
शालिमार, फाट्याचा मुद्दा मी सोडून दिला होता, तो मानतो. पण स्टेशन लांब राहिल्याचा फायदाही झाला. इंडिया सिक्युरिटी प्रेस, करन्सी नोट प्रेस तिथे उभ्या राहिल्या. सिंहस्थातही अंतर उपयोगी पडतं. रामकुंडाच्या तोंडाशी गाडी रिकामी झाली असती तर दीड हजार माणसं एकदम घाटावर आली असती.

शालिमार
येताना ठीक, जाताना काय? येणारे दिवसभर थोडे थोडे येतात. पर्वणीचं स्नान उरकलं की सगळे एकदम स्टेशनकडे निघतात. हिशोब करा. दीड हजारांची एक गाडी भरायला 45 माणसांच्या 34 बसा लागतात. दर वीस मिनिटांनी गाडी सोडायची तर सुमारे 35 सेकंदांना एक बस, आणि तीही द्वारका चौकातून, जिथे एरवीही वाहनं तुंबतात. रस्त्यावर एक बस बंद पडली की फलाटावर गाडी अर्धी रिकामी उभी, मागची गाडी ओढ्याला किंवा देवळालीला अडकलेली.

विहितगाव
म्हणून तर 2027 च्या सिंहस्थासाठी देवळाली, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे इथे कामं घेतली आहेत. परतीची गर्दी एकाच फलाटावर आणायची नाही, दिशेप्रमाणे वाटायची. भुसावळकडे जाणाऱ्यांना थेट ओढ्याला न्या. ओढा छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे, त्यामुळे पंचवटीकडून निघालेल्या बसला द्वारका लागतच नाही.

जुनी तांबट आळी
ओढ्याचं बरोबर आहे. पण मराठवाड्यातून येणाऱ्या खासगी गाड्या त्याच रस्त्याने येणार. त्यांचं वाहनतळ ओढ्याच्या अलीकडे ठेवलं तर या बसा अडकतील, पलीकडेच ठेवावं लागेल. विरोधाची गोष्ट मात्र मी अजून सोडलेली नाही.