नडगीचं ४ सेंमी हाड गेलंय, डॉक्टर रिंग लावायची म्हणतात. कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, पण प्लीज पूर्ण वाचा.

माझ्या मोठ्या भावाचा जुलैमध्ये भर पावसात हायवेवर विक्रोळीजवळ बाइकचा अपघात झाला, पाण्याखालचा खड्डा दिसलाच नाही. उजवी नडगी घोट्याच्या वर मोडली, हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि काही तुकडे इतके खराब झालेले की ऑपरेशनमध्ये काढूनच टाकावे लागले. तेव्हा बाहेरून पिना आणि रॉड लावला, मग प्लास्टिक सर्जननी मांडीचा फ्लॅप (कातडी-मांसाचा तुकडा) घेऊन जखम झाकली. जखम आता सुकलीये, इन्फेक्शन नाही, तंबाखू पण दादानी सोडली कारण त्याने हाड भरत नाही असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण मधलं हाडच नाहीये तर जुळणार काय.

आता इलिझारोव्ह रिंग सांगितलीये, पायाभोवती बाहेरून धातूची कडी, ती तारा-पिनांनी हाडाला धरलेली. म्हणजे गुडघ्याखाली चांगलं हाड मुद्दाम कापायचं, तो तुकडा रिंगचे नट फिरवून रोज १ मिलिमीटर खाली सरकवायचा आणि मागे पडणाऱ्या फटीत नवीन हाड तयार होतं. सरकवायला ४० दिवस, पण ते कडक होईपर्यंत धरून ७-८ महिने रिंग पायात. रशियात कुर्गानच्या डॉक्टर इलिझारोव्हनी १९५० च्या दशकात ही पद्धत काढली, मी बरंच वाचलंय आणि मला पटलंय. पण आई ऐकतच नाही, "आहे ते धड हाड पण कापणार?" एवढंच धरून बसलीये आणि तिच्याकडे बघून दादाही गप्प झालाय.

आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास मजल्याच्या टोकाला. रिंग घेऊन कसं निभावलंत? आणि नट फिरवताना खूप दुखतं का हो?

प्रतिसाद १
माझी डाव्या पायाची रिंग ९ महिने होती. नट एकदम नाही फिरवायचा, दिवसातून ४ वेळा पाव-पाव मिलिमीटर, मी मोबाइलवर अलार्म लावलेले. फिरवताना विशेष कळत नाही, रात्री पोटरी मात्र ओढते. पिनांच्या कडा डॉक्टर सांगतील तशा रोज साफ करा, पू, लाली किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. पाऊल वर ओढायचा व्यायाम चुकवू नका नाहीतर टाच वर राहून जाते, माझी थोडी राहिलीये. संडासाला घरातच कमोडची खुर्ची घ्या, लेंगा एका बाजूने उसवून वेल्क्रो लावा. आणि डॉक्टरांनी वजन टाकायला सांगितलं की घाबरून बसून राहायचं नाही, टाकायचंच. आईंशी फोनवर बोलतो मी, माझी आई पण हेच म्हणायची. व्यनि (खाजगी मेसेज) करा.

धागाकर्ता
व्यनि केलाय तुम्हाला. तुमचा प्रतिसाद आत्ताच आईला वाचून दाखवला, उद्या संध्याकाळी ७ नंतर फोन केला तर चालेल का विचारतेय.