स्पॅनिश: 'मे लेवान्ताबा' म्हणजे मी उठायचे, की आजी मला उठवायची?

लालबाग_तिसरा_मजला
नमस्कार. मी दर शनिवारी दादरला स्पॅनिशच्या वर्गाला जाते, ए-टू (सुरुवातीची दुसरी) पातळी चालू आहे. ऑफिसात मेक्सिकोच्या माणसांशी रोजचं बोलणं असतं म्हणून सुरुवात केली, आता भाषेचीच ओढ लागलीय.

या वेळी गृहपाठ होता: लहानपणीची सकाळ, इम्पेरफेक्तोमध्ये, म्हणजे 'करायचे, जायचे' अशा नेहमी घडणाऱ्या गोष्टींच्या भूतकाळात. मी आमची चाळ लिहिली. पहाटे 5 ला पाणी यायचं. आजी त्याआधी उठून पिंपाशेजारी हंडा-कळशी मांडून ठेवायची, मग आम्हा तिघा भावंडांना उठवायची, मोरीत आंघोळ घालायची. मनापासून लिहिलं होतं. वही परत आली ती लाल शाईने भरून.

'यो लेवान्ताबा आ लास सिंको' (मला म्हणायचं होतं, मी पाचला उठायचे) चूक. 'मि आबुएला मे लेवान्ताबा' मात्र बरोबर! पहिल्या वाक्यात 'मे' (मला, स्वतःला) हवं, असं बाजूला लिहिलंय. पण 'मे' घातलं की तेच 'मे लेवान्ताबा' होतं, म्हणजे आजीचं वाक्य. मग मी स्वतः उठायचे हे सांगायचं कसं? शिवाय 'मे देस्पिएर्ताबा'वरही (मला जाग यायची) काट मारलीय. वर्तमानकाळात 'मे देस्पिएर्तो' असतं ना? वर्गात विचारलं तर "पाठ करा, सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं. मला सवय नकोय, कळायला हवंय.

माटुंग्याचा_दुभाषी
ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो. मीही इथेच अडकलो होतो, आणि सुटका झाली ती मराठीमुळे.

आपल्याकडे 'उठणे' हे मूळ, त्यात 'व' घातला की 'उठवणे'. बसणे-बसवणे, झोपणे-झोपवणे. स्पॅनिशची वाट नेमकी उलटी. तिथे मूळ क्रियापदच 'उठवणे' आहे: लेवान्तार. त्याला 'से' जोडलं की 'उठणे': लेवान्तार्से. सेन्तार म्हणजे बसवणे, सेन्तार्से म्हणजे बसणे. आकोस्तार म्हणजे निजवणे, आकोस्तार्से म्हणजे अंथरुणावर पडणे. बान्यार म्हणजे आंघोळ घालणे, बान्यार्से म्हणजे आंघोळ करणे. म्हणून तुमचं 'यो लेवान्ताबा' वाचणाऱ्याला "मी उठवायचे" किंवा "मी उचलायचे" असं लागतं, आणि तो विचारतो, कोणाला? काय?

आता रूपं. शेपूट नेहमीच्या इम्पेरफेक्तोचंच, फक्त पुढचा शब्द माणसाप्रमाणे बदलतो (मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने): मे लेवान्ताबा, ते लेवान्ताबास, से लेवान्ताबा, नोस लेवान्ताबामोस, ओस लेवान्ताबाइस, से लेवान्ताबान. 'ओस'चं रूप स्पेनमधलं. तुमच्या मेक्सिकोच्या मंडळींना अनेकवचनात 'उस्तेदेस (तुम्ही सगळे) से लेवान्ताबान' म्हणायचं. मूळ रूपाच्या शेवटी 'एर' किंवा 'इर' असलेली क्रियापदं 'ईआ' घेतात: मे पोनीआ (मी अंगावर घालायचे), मे बेस्तीआ (मी कपडे करायचे). लिहिताना आघाताची खूण (स्वरावरची तिरकी रेघ) जपा. लेवान्तारसारख्या 'आर' गटात ती फक्त 'नोस'च्या रूपात येते, जसं लेवान्ताबामोसमध्ये 'ता'वर. 'ईआ' गटात मात्र सहाही रूपांत 'ई'वर.

आणि हो, 'मे लेवान्ताबा' एकटं उभं असेल तर दोन्ही अर्थ निघतात, कारण या काळात 'मी' आणि 'ती' यांचं रूप एकच. तुमचा गोंधळ खरा आहे, तो भाषेतच आहे. कर्ता सांगितला की मिटतो: 'यो मे लेवान्ताबा' मी उठायचे, 'मि आबुएला मे लेवान्ताबा' आजी मला उठवायची, 'मि आबुएला से लेवान्ताबा' आजी स्वतः उठायची.

देस्पेर्तार्सेचं (जाग येणे) सोपं आहे. वर्तमानकाळात मधला स्वर फुटतो ('ए'चा 'इए', 'ओ'चा 'उए'), इम्पेरफेक्तोत कधीच फुटत नाही. मे देस्पिएर्तो, पण मे देस्पेर्ताबा. मे आकुएस्तो, पण मे आकोस्ताबा. याचा एक सुंदर फायदा बघा. वर्तमानात 'मे सिएन्तो' म्हणजे 'मी बसते' आणि 'मला (बरं, वाईट) वाटतं' दोन्ही. भूतकाळात दोघी वेगळ्या होतात: मे सेन्ताबा, मी बसायचे; मे सेन्तीआ, मला वाटायचं.

विरार_फास्ट
वरचं 'से'चं सूत्र मला फार आवडलं, पण सगळीकडे लावू नका. 'दोर्मीर' एकटंही झोपणेच आहे. 'दोर्मिर्से' म्हणजे डोळा लागणे. मी नालासोपाऱ्याहून चर्चगेटला जायचो तेव्हा बोरिवली यायच्या आत रोज डुलकी लागायची: मे दोर्मीआ एन एल त्रेन. नुसतं 'दोर्मीआ' म्हटलं तर झोपलेलो होतो एवढंच. तसंच 'इबा' जायचो, 'मे इबा' निघून जायचो. या काळात अनियमित क्रियापदं तीनच, सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (बघणे), म्हणून 'इबा' लक्षात ठेवावंच लागतं.

आपल्याला इंग्रजीतून अर्थ लावायची गरजही नाही. 'उठायचो' आणि 'उठत होतो' दोन्हीला इम्पेरफेक्तो चालतो. एका दिवशी 'उठलो', तर मात्र मे लेवान्ते.

लालबाग_तिसरा_मजला
दोघांचे खूप आभार. उठणे-उठवणे वाचल्यावर वही पुन्हा काढली आणि सगळी क्रियापदं तशी लावून बघितली. आणखी एक. 'मे लाबाबा मिस मानोस'मध्ये (मी माझे हात धुवायचे) 'मिस' (माझे) खोडून नुसतं उपपद 'लास' केलंय. हात माझेच होते ना?

माटुंग्याचा_दुभाषी
आपण "मी माझे हात धुतले" म्हणतो का? "मी हात धुतले" म्हणतो. कोणाचे ते न सांगता कळतं. स्पॅनिशमध्ये ते काम 'मे' करतं, म्हणून 'मे लाबाबा लास मानोस'. इंग्रजीची सवय सोडून मराठीवर विसंबा, इथे ती बरोबर नेते.

लालबाग_तिसरा_मजला
आता असं लिहिलंय: 'मि आबुएला से लेवान्ताबा आ लास कुआत्रो ई मेदिआ, ई देस्पुएस नोस लेवान्ताबा आ लोस त्रेस.' आजी साडेचारला उठायची आणि मग आम्हा तिघांना उठवायची. पहिल्या 'लेवान्ताबा'आधी 'से', दुसऱ्याआधी 'नोस'. बरोबर आहे का?

माटुंग्याचा_दुभाषी
पूर्ण बरोबर. आणि बघा, अनेकवचनात तुमची मूळ शंका उरतच नाही: 'नोस लेवान्ताबा' आजी आम्हाला उठवायची, 'नोस लेवान्ताबामोस' आम्ही उठायचो. पाण्याचं वाक्यही घाला, मला वाचायला आवडेल.