बंदुकीच्या छायेत तुर्काना पशुपालक चराई कशी करतात?

प्रश्न: उत्तर केनियात तुर्काना आणि पोकोट यांच्यातील गुरांच्या लुटीत आता बंदुका आल्या असताना, हे पशुपालक तगून कसे राहतात?

प्रतिसाद १: एकट्याने चराईला जाणे ते टाळतात, अनेक कुटुंबे मिळून ‘अडाकार’ नावाचा गट करतात आणि रात्री गुरे काटेरी फांद्यांच्या कुंपणात घेतात. शिवाय काही जनावरे मित्रांच्या व सोयऱ्यांच्या कळपांत ठेवलेली असतात, म्हणजे एकाच धाडीत सगळे जात नाही.

प्रतिसाद २: याची किंमतही मोठी आहे. सीमेलगतची चांगली कुरणे भीतीपोटी ओस पडतात आणि सुरक्षित पट्ट्यात दाटी होऊन गवत लवकर संपते. शेजारच्या युगांडातील कारामोजात, २००६ च्या सुमारास पशुपालकांचे निःशस्त्रीकरण चालू असताना, गुरे राखणीसाठी लष्करी छावण्यांजवळ कोंडली गेली, तेव्हा रोगराई पसरली. राखणीचाच असा जाच व्हावा, हे मला विशेष खटकते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जनावरे वाटून ठेवण्याची रीत दुष्काळातही उपयोगी पडत असणार.

प्रतिसाद १: होय, मुळात ती दोन्हींसाठीच आहे.